मांड आणि सीट : सायकलीवरील बैठकीचा इतिहास

घोडेस्वाराच्या बसण्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे. मांड ठोकणे, मांड पक्की असणे, मांड सुटणे या प्रयोगांत स्वार आणि जनावर यांचे शरीरसंबंध नेमके सांगितले जातात. मांडी या अवयवाशी असलेले त्या शब्दाचे नाते तर उघडच आहे. सायकल आली तेव्हा इंग्रजीने घोड्याच्या खोगिराचा शब्द तसाच या नव्या यंत्राला बहाल केला. मराठीने खोगीरही दिले नाही आणि मांडही नाही. तिने ‘सीट’ हा शब्द घेतला, जो आगगाडीच्या डब्यातील बाकालाही चालतो आणि नाटकगृहातील खुर्चीलाही. घोड्यावरून सायकलीवर एकच क्रिया उतरली, ती टांग टाकण्याची. आणि तीही सवयीप्रमाणे डाव्या बाजूनेच.

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. मांड ही स्वाराने कमवावयाची असते, सीट ही कारखान्यातून बसवून येते. मराठी प्रदेशात सायकलीवरील बैठक ही दीर्घ काळ शरीराने तयार यंत्राशी केलेली तडजोड होती, आणि यंत्र शरीराच्या मापाने जुळवून घ्यावयाचे असते हा विचार येथे फार उशिरा रुजला. या स्थित्यंतराचा माग नाशिकसारख्या शहरात विशेष स्पष्टपणे लागतो. परंतु त्याआधी यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

गंमत अशी की सायकलीच्या आरंभकाळात माप शरीराचेच होते. १८७० नंतरच्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे, त्यामुळे चाकाचा व्यास स्वाराच्या पायाच्या लांबीवर ठरे. जोडा घ्यावा तशी पायाच्या मापाची सायकल घ्यावी लागे. बैठक मात्र अत्यंत धोक्याची. चाकाला अडथळा लागताच स्वार डोक्यावर आदळे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल तयार केली. साखळीने मागचे चाक फिरवले जाऊ लागले आणि चाकाचा आकार व पायाची लांबी यांचा संबंध तुटला. १८८८ मध्ये डनलॉप यांची हवेची धाव आली. सायकल सुरक्षित झाली आणि त्याच क्षणी एकाच मापाची सायकल हजारोंना विकणेही शक्य झाले. आपल्याकडे जी सायकल घरोघर पोहोचली ती या दुसऱ्या टप्प्यातील होय.

स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथील कारखान्यांतून जी काळी सायकल देशभर गेली तिची घडण इंग्रजी होती : २२ किंवा २४ इंचांची चौकट, २८ इंचांची चाके, सळ्यांचे ब्रेक, स्वाराकडे वळलेले हँडल आणि स्प्रिंगांची रुंद सीट. या चौकटीत कोण नीट बसू शकत होते, हे गणिताने काढता येते. सीटच्या उंचीविषयी दोन नियम प्रसिद्ध आहेत. हॅमली व थॉमस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या मापाप्रमाणे खाली गेलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर हे पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के असावे. दुसरा नियम फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांचा, जो पुढे ग्रेग लेमाँड यांच्या नावाने रूढ झाला : क्रँकच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर आतील लांबीच्या ०.८८३ पट. आतील लांबी ८० सेंटीमीटर धरल्यास पहिला नियम ८७.२ सेंटीमीटर देतो, दुसरा ७०.६, आणि त्यात १७ सेंटीमीटरांचा क्रँक मिळवला की ८७.६. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे एवढी जवळ यावीत हे लक्षणीय आहे.

आता २२ इंचांची चौकट घ्या. ती सुमारे ५६ सेंटीमीटर भरते. तीवर स्प्रिंगांच्या सीटची किमान आठ-दहा सेंटीमीटर उंची चढते. म्हणजे सीट पार खाली दाबली तरी आसापासून ६५ सेंटीमीटरांच्या खाली ती येत नाही. उपरोक्त नियमाने ही उंची ज्याला योग्य, त्याच्या पायाची आतील लांबी सुमारे ७४ सेंटीमीटर हवी. ढोबळ मानाने हा माणूस १६० सेंटीमीटर उंचीचा. २४ इंचांच्या चौकटीला हीच गणना ७९ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १७२ सेंटीमीटर उंचीचा माणूस मागते. यापेक्षा बुटक्या स्वाराला पायडल तळाशी जाताच कंबर एका अंगाला झुकवावी लागते, आणि मैलामागून मैल ती तशीच डोलत राहते. मध्यम उंचीचे असंख्य पुरुष, बहुसंख्य स्त्रिया आणि यच्चयावत मुले या यंत्राच्या हिशेबातच नव्हती.

आणि नेमक्या याच वगळलेल्यांनी मराठीला बैठकीचे शब्द दिले, हा मला या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. वडिलांच्या सायकलीवर शिकणारे मूल सीटवर बसूच शकत नसे. ते नळीखालून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घाली, एक हात हँडलवर आणि दुसऱ्याची बगल सीटवर टाकी, आणि वाकड्या अंगाने पायडल पुरे न फिरवता अर्धेच मागेपुढे करीत सायकल चालवी. याला कोठे ‘हाफ पायडल’ म्हणत, कोठे ‘कैची’. पुढची पायरी नळीवरून दोन्ही बाजूंना पाय टाकण्याची, आणि ‘सीटवर बसणे’ ही शेवटची पदवी. मोठ्या माणसाच्या बैठकीला भाषेत नाव नाही, कारण ती गृहीत होती. लहानाच्या बैठकीला आहे, कारण ती कमवावी लागे. मांड या शब्दाचा आशय अशा रीतीने भलत्याच जागी जिवंत राहिला. ‘पेडल’चे ‘पायडल’ होणे हाही त्याच लोकांचा उद्योग असावा. परक्या शब्दात आपला ‘पाय’ ओळखून तो घरचा करून घेण्याची ही लोकव्युत्पत्ती किती सहज आहे !

स्त्रियांचा प्रश्न निराळा. आडवी नळी खाली वाकवलेली ‘लेडीज सायकल’ युरोपात झग्यासाठी निघाली आणि आपल्याकडे ती गोल पातळाला उपयोगी पडली. कासोट्याच्या नऊवारीला तिची तितकी गरज नव्हती हे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही; पण जिला सायकल हाती मिळण्याची शक्यता, ती बहुधा शाळा-कॉलेजातील पाचवारी वा परकर-पोलक्यातील मुलगी होती. एरवी स्त्रीची बैठक म्हणजे मागच्या कॅरिअरवर एका अंगाला पाय सोडून बसणे. ‘डबलसीट’ या शब्दात दोन सीटा आहेत, यंत्रावर मात्र एकच असते, आणि ती कोणाची हे सांगावे लागत नसे.

तथापि काळ्या सायकलीची सरळ ताठ बैठक अडाणीपणाची होती असे मानणे चुकीचे ठरेल. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट तर अवरोध चौपट. ताशी तीस किलोमीटरांच्या वेगाने सपाट रस्त्यावर जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते; त्याने वाकलेच पाहिजे. ताशी बारा-पंधराच्या वेगाने जाणाऱ्या दूधवाल्याला किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्याकडे निघालेल्या कामगाराला वाकून मिळणारा लाभ अल्प, आणि त्यासाठी मान, मनगटे व कंबर यांवर पडणारा भार मोठा. सरळ बसल्याने सारे वजन सीटवर येते, म्हणून सीट रुंद व स्प्रिंगांची. पायात चप्पल असली की पायडल चवड्याऐवजी तळपायाच्या मध्याखाली येते, पाय तेवढा आखूड पडतो, आणि सीट नियमापेक्षा खाली ठेवणे सयुक्तिक ठरते. चौकात थांबताना पाय जमिनीला टेकावा ही निकडही आहेच. गुडघ्यावर याचा ताण येतो हे खरे. परंतु मापाचा नियम कोणत्या वेगासाठी, कोणत्या जोड्यासाठी, हे न विचारता तो लावणे ही पंडिती चूक होय.

वाकण्याचा इतिहास शर्यतींचा आहे, आणि त्यात शरीराइतकाच संस्थांचा हात आहे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर याने उताण्या बैठकीच्या सायकलीवर तासाभराचा विक्रम मोडताच १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बैठकच शर्यतीतून बाद केली. कार्यक्षम बैठक कोणती, हे येथे मतदानाने ठरले.

नाशिकचे नाव या इतिहासात येते ते ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीमुळे. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर अखंड चालणारी ही शर्यत २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये त्या वेळी नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, प्रत्येकी बारा दिवसांच्या आत पार केली. चौघेही वैद्यक व्यवसायातील असावेत हा निव्वळ योगायोग मानण्यास मी तयार नाही. या शर्यतीची ओळखच एका बैठकीच्या व्याधीशी जोडलेली आहे. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके शिणले की डोके वर राहीना. तेव्हापासून त्या विकाराला त्याचेच नाव मिळाले. वाकून बसावे आणि नजर रस्त्यावर ठेवण्यासाठी मान मागे उचलावी, हे दिवसेंदिवस केल्याचा तो परिणाम. म्हणून लांब पल्ल्याचा स्वार हँडल काही सेंटीमीटर वर घेतो, हवेला थोडा कर देतो, आणि मान वाचवतो. सोयीची बैठक व वेगाची बैठक यांत तासाभराच्या शर्यतीत विरोध दिसतो. दहा दिवसांच्या शर्यतीत तो उरत नाही, कारण ज्याची मान पडली त्याचा वेग शून्य.

या स्वारांबरोबर नाशिकच्या बोलीत नवा शब्दसंग्रह आला. पहाटे त्र्यंबकेश्वरच्या वा कसाऱ्याच्या वाटेला लागणारी मंडळी ‘पोझिशन’, ‘रीच’, ‘बाइक फिट’ असे बोलतात. ‘फिटिंग’ हा शब्द मराठीला शिंप्याच्या दुकानातून पूर्वीच परिचित होता आणि तेथे त्याचा अर्थ अंगाच्या मापाने बेतणे असाच होता. तो सायकलीवर येण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. पूर्वी चौकटीपुढे शरीर उणे होते, आता शरीरापुढे चौकट. अर्थात ही बेतलेली सायकल आणि तिची बेतणावळ ज्याला परवडते त्याच्यापुरतेच हे खरे. कारखान्याकडे जाणाऱ्या माणसाची सीट अजूनही कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पान्याने वरखाली करतो, आणि त्याचे मोजमाप एवढेच : सीटवर बसून टाच पायडलवर ठेव, गुडघा सरळ होतो का पाहा. प्रयोगशाळेच्या नियमाजवळ जाणारी ही युक्ती आहे. तिला मात्र मराठीत अजून नाव पडलेले नाही. उलट ‘हाफ पायडल’ वापरातून जात आहे, कारण बारा, सोळा, वीस इंची चाकांच्या मुलांच्या सायकली आता कोणत्याही दुकानात मिळतात आणि मूल पहिल्या दिवसापासून सीटवरच बसते.