सईबाई बोलत का नाहीत?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात भोरला आली ती संगणक काखोटीला मारूनच. शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे तलवारी दिसल्या की मी जवळ जाऊन बसतो. तिचा खेळ होता २०११ सालचा 'स्कायरिम'. आपण एक वीर व्हायचं, ड्रॅगन मारत मुलूखभर हिंडायचं. बरोबर साथीदार असतात. तिच्या वीराबरोबर लिडिया नावाची एक ढालकरीण होती. अशा साथीदाराशी लग्नही करता येतं. त्यासाठी 'मारा' देवीचा ताईत गळ्यात घालायचा आणि देवळात जायचं.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही, आबा. ती दिवसातून एकदा जेवण देते. दुकान काढते आणि रोज शंभर मोहरा हातावर ठेवते. बोलते मात्र तीच ती चार वाक्यं. एवढ्या लढाया बरोबर केल्या, त्यांच्याबद्दल एक शब्द नाही!"

मला हसू आलं. २००९ च्या 'ड्रॅगन एज'मध्ये म्हणे साथीदाराला भेटवस्तू दिल्या की त्याची मर्जी वाढते. म्हणजे प्रेमाचाही हिशेब! हे सगळं परक्यांचं पोरखेळ लेखन, असं म्हणून मी झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेल्ह्यात गुंजवण्याहून राजगड चढलो. चोरदरवाजातून पद्मावती माचीवर पोचलो. देवळाजवळ एक समाधी आहे, ती सईबाईंची म्हणून दाखवतात. मी नातीला माहिती दिली. फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजीमहाराजांची पहिली पत्नी, संभाजीराजांची आई, ५ सप्टेंबर १६५९ रोजी याच गडावर निधन. तिने विचारलं, "त्या महाराजांशी काय बोलायच्या?"

मी पुस्तकं आठवू लागलो. आयुष्यभर वाचलेल्या कादंबऱ्या, पाहिलेली नाटकं. सईबाई पंचारती घेऊन येतात, लाजतात, काळजी करतात, खोकतात, जातात. अखेरच्या क्षणी महाराजांनी 'सई' म्हटलं, ही दंतकथा सांगून आपण डोळे पुसतो. पण त्यांचं लक्षात राहील असं एक वाक्य मला आठवेना.

कोणी म्हणेल, कागदच नाहीत तर लेखक काय करणार? शकावल्यांत तारखा असतात, नवरा-बायकोचं बोलणं नसतं, हे खरं. पण मग महाराजांची पानपानभर भाषणं तरी कोणत्या कागदात आहेत? तिथे आपली कल्पना धावते आणि सईबाईंपाशी आली की तिचे पाय गळतात.

वास्तविक १६५९ सालचा तो पावसाळा बघा. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली. १६४० मध्ये लग्न झालं तेव्हा दोघंही लहान होती, म्हणजे एकत्रच वाढलेली. तीन मुली आणि धाकटा संभाजी, १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेला, जेमतेम सव्वादोन वर्षांचा. बाळंतपणानंतर आईची प्रकृती खालावली. बाळाला दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ गाडे आली. आपलं लेकरू दुसरीच्या मांडीवर बघताना त्या बाईच्या मनात काय आलं असेल? त्यात अफझलखान विजापुराहून निघालेला. तिचे माहेरचे बजाजी निंबाळकर त्याच्या कैदेत सापडलेले. जुलैत महाराज राजगड सोडून जावळीकडे गेले. इकडे कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून त्यांच्या बाजूने उभे राहिले. ते प्रत्येक पुस्तकात सविस्तर येतं आणि यायलाच हवं. पण गडावर अंथरुणाला खिळलेल्या बाईलाही आपला नवरा कोणाला सामोरा जातो आहे ते कळत असणारच. तिने "जाऊ नका" म्हटलं असेल, की "माझ्या भावाला सोडवा" म्हटलं असेल? भांडली असेल का? ती गेली आणि दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली ती भेट झाली. आमचे बहुतेक लेखक या दोन महिन्यांवरून घोडा दामटतात, कारण पुढे वाघनखं आहेत.

रणजित देसाईंनी १९६२ मध्ये 'स्वामी' लिहिली. माधवराव आणि रमाबाई अजून वाचकांच्या मनात आहेत ते दोघं एकमेकांशी बोलतात म्हणून, असं मला वाटतं. तेव्हा मराठीला हे जमत नाही असं नाही. पण नायक जितका मोठा, तितकी त्याच्याजवळची बाई मुकी करायची, ही खोड जुनी आहे. लिडियाच्या लेखकांना मी उगाच हसलो होतो.

हे सगळं उतरताना मी नातीला सांगत होतो. ती गप्प होती. नसरापूरवरून भोरकडे येताना कापूरहोळला चहाला थांबलो. पाटीवरचं नाव वाचून ती म्हणाली, "आबा, ती धाराऊ इथलीच ना? सईबाई तिच्याशी तरी बोलल्या असतील."

मी दुकानदाराला आणखी एक चहा सांगितला.