सार्वजनिक कामासाठी पैसा: वर्गणी आणि जाहिरात

सार्वजनिक कामासाठी पैसा उभा करण्याच्या दोन रीती महाराष्ट्रात चालत आल्या आहेत. एक, लोकांच्या दारात जाऊन कामासाठी थेट मागणे. दुसरी, लोकांना काही पाहायला बोलावून त्या गर्दीच्या बळावर पैसा मिळवणे.

पहिल्या रीतीचे जुने रूप हवेली तालुक्यातील लोणी काळभोरला दर वर्षी दिसते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीची परंपरा नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केली. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालेली ही पालखी येथे मुक्कामाला थांबते. वारकऱ्यांच्या जेवणाला गावची वर्गणी, शिधा आणि घरोघरच्या भाकऱ्या लागतात. ज्याच्यासाठी दिले तो समोरच पंगतीत बसलेला असतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थांनी या रीतीला शिस्त आणली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी वर्षाला एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी दिवाळीत भाऊबीज निधी जमू लागला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी मुष्टिफंड चालवला: घरची बाई रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवी आणि साठलेले धान्य वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी जाई. रक्कम लहान, देणारे असंख्य. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जायचे, म्हणून कामाचा हिशेब सांगणे भागच असे.

दुसऱ्या रीतीचे गाजलेले उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ चा 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईत एकत्र उभे राहिले. एका रात्रीत मोठी रक्कम जमली. पण असा योग वारंवार येत नाही. गणेशोत्सवात पावतीपुस्तकाच्या जोडीला स्मरणिकेतल्या आणि रस्त्यावरच्या कमानींवरच्या जाहिराती आल्या. तिथे पैसे देणारा व्यापारी गर्दीच्या नजरेसाठी देतो.

ऑनलाइन व्हिडिओतील जाहिरात याच वाटेवरची. यूट्यूबने २००७ मध्ये निर्मात्यांना जाहिरातीतला वाटा देण्यास सुरुवात केली. २०१८ पासून त्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास व्हिडिओ पाहिले जाणे अशी अट आली; पुढे छोट्या व्हिडिओंसाठी निराळी अटही आली. चार मिनिटांचा व्हिडिओ साठ हजार वेळा पूर्ण पाहिला गेला, तरच हे चार हजार तास भरतात. एवढे झाल्यावर जाहिरात उत्पन्नातला ५५ टक्के वाटा मिळतो. लहान गावातल्या वसतिगृहाला किंवा दवाखान्याला हा पल्ला गाठणे अवघड. तोच व्हिडिओ शंभर ओळखीच्या माणसांनी पाहिला आणि खालच्या क्यूआर कोडवरून दहा जणांनी पैसे पाठवले, तर संस्थेला त्याच दिवशी मदत मिळते. २०१६ पासून आलेल्या यूपीआयमुळे लहान रक्कम देणेही सोपे झाले.

थेट मागण्याला जबाबदारी चिकटलेली असते. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळालाही वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. नोंदणीकृत संस्थेला हिशेब तपासून घ्यावे लागतात. जाहिरात पाहणाऱ्याचा मात्र संस्थेशी काहीच करार नसतो. म्हणून जाहिरातीचे उत्पन्न जोडीला धरावे आणि संस्थेचा रोजचा खर्च देणगीदारांच्या विश्वासावर उभा करावा, हाच या शंभर वर्षांच्या अनुभवाचा धडा आहे.