दिवाळीचा फराळ, मिश्रीची डबी आणि आपले दात



दिवाळी आली की आपल्या घरांत दोन गोष्टी एकत्र येतात. एकीकडे महावीर भगवानांचा निर्वाण कल्याणक, उपवास, जाप. दिगंबर मंदिरांत त्या पहाटे निर्वाण लाडू चढतो. दुसरीकडे डबे भरून फराळ आणि दिवसभर पाहुणे. या चार-पाच दिवसांत सगळ्यात जास्त काम कोणाला पडते? आपल्या दातांना. म्हणून आज थोडा दातांचा इतिहास.

आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा नावाने ओळखला जाई. त्या जुन्या काळी अलिबागकडच्या घरांत दात घासायला कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी, चुलीतली राखुंडी, नाहीतर मीठ असे. मीठ तर पेण-उरणच्या मिठागरांतून दारात येई. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले, पण रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे ते दाढ असह्य ठणकल्यावरच. मग बाजारी दंतमंजने आली. कोलगेट कंपनी भारतात १९३७ साली उभी राहिली, केशव पेंढरकरांनी १९५२ साली विको सुरू केली, आणि माकडछाप काळी पावडर तर अनेक मोऱ्यांत दिसू लागली.

या सगळ्यांच्या बरोबरीने महाराष्ट्रात बायकांच्या हाती आणखी एक डबी होती, मिश्रीची. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दात दुखतात म्हणून सुरू व्हायची आणि मग सकाळ, दुपार, संध्याकाळ लागायची. पुरुषाने विडी ओढली तर ते व्यसन, बाईने मिश्री लावली तर ते दात घासणे! त्यामुळे कोणी टोकलेच नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. ती पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि तंबाखू व तोंडाचा कर्करोग यांचे नाते गावपातळीवर समोर आले. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि टूथ पावडरीत तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. तिथे आपणच पोचायला हवे. व्यसनत्याग आपण मुलांना शिकवतो. घरातल्या आजीच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या डबीबद्दलही प्रेमाने बोलू या. गरोदर बाईने मिश्री लावली तर निकोटिन बाळापर्यंत जाते, एवढे तरी सांगू या.

आता फराळाकडे. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथे १९४५ नंतर काही वर्षे एक प्रयोग झाला. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे भराभर किडले. हा प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता झाला. अहिंसा मानणाऱ्या आपल्याला ते वाचून वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. पण त्या जिवांनी सोसून दिलेला धडा वाया जाऊ नये. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे. प्रत्येक वेळी गोड तोंडात गेले की जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा तास तरी लागतो. दर तासाला शंकरपाळे तोंडात टाकले, तर लाळेला उसंतच नाही.

बियासणे, एकासणे, चौविहार यांत खाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. ही व्रते संयमासाठी आणि जीवदयेसाठी आहेत, दातांसाठी नव्हेत. पण दातांनाही त्यांचा लाभ होतो. म्हणून लाडू, करंजी जेवणाच्या ताटातच वाढा. पाहुण्यांबरोबर पुन्हा बसावे लागले तर चिवडा, चकली थोडी घ्या आणि पाण्याने चूळ भरा. कोकम सरबत किंवा आंबट काही घेतले तर लगेच ब्रश घासू नका. आधी चूळ, मग अर्ध्या तासाने ब्रश.

चौविहार करणाऱ्यांनी सूर्यास्ताच्या आधी थोडा वेळ राखून ठेवावा. शेवटचा घास झाला की दात स्वच्छ करायचे आणि मगच पच्चक्खाण घ्यायचे. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातांत अडकलेला चिक्कीचा कण रात्रभर काम करत राहतो.

काही जणी म्हणतात, मुनी महाराज तर दात घासत नाहीत. खरे आहे, दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहे. पण ते दिवसातून एकदाच, उभ्याने, हातात आहार घेतात. आपण श्रावक-श्राविका. त्यांचा त्याग वंदनीय आहे, पण आपला फराळाचा डबा तसाच ठेवून त्यांचा तेवढा एकच नियम उचलता येत नाही.

या दिवाळीत फराळाच्या ताटाची वेळ ठरवा आणि मुलांनाही सांगा. सर्वांना निर्वाण कल्याणकाच्या मंगल शुभेच्छा.