वारांचे देवदूत व पिशाचे

यहुदी दंतकथांत, ताल्मूद या यहुदी धर्मशास्त्राच्या संग्रहात आणि मध्ययुगातील मंत्रग्रंथांत आठवड्याचे सात वार, त्यांचे ग्रह आणि दिवसाचे तास यांच्याशी जोडलेले देवदूत व पिशाचे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. तासगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात शनिवारी मारुतीला तेल घातले जाते, संकष्टी मंगळवारी आली की ती अंगारकी म्हणून अधिक मोलाची होते आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधवलेल्या तासगावच्या गणपतीसारख्या देवळांचे महत्त्व त्या दिवशी वाढते. श्रावणात तर प्रत्येक वाराची कहाणी वेगळी आणि दैवतही वेगळे. दोन्ही परंपरांतला वारांचा आणि ग्रहांचा क्रम एकच आहे. वाराच्या अधिपतीपुढे माणसाने कसे उभे राहायचे, इथे मात्र त्यांच्या वाटा फुटतात. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने या दोन्ही वाटा शेजारीशेजारी पाहिल्या, म्हणून महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा.

वारांचा क्रम होऱ्यांवरून, म्हणजे एकेका ग्रहाच्या अंमलाखालच्या तासांवरून, ठरतो. पृथ्वीपासून दूर मानलेल्या ग्रहापासून जवळच्या ग्रहाकडे मोजले तर शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम येतो. शनिवारी सूर्योदयाचा पहिला होरा शनीचा. चोवीस होरे संपले की पंचविसावा रवीचा येतो, म्हणून दुसरा दिवस रविवार. ही गणना खाल्डिया आणि ग्रीक जगातून पूर्वेकडे व पश्चिमेकडे पसरली. भारतात वाराचा स्पष्ट उल्लेख असलेला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख मध्य प्रदेशातील एरणचा, इ. स. 484 मधला, त्यात गुरुवार आहे. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे त्यांच्या पंडितांनी रात्रीच्या पहिल्या होऱ्याचाही हिशेब ठेवला. शुक्रवारी मावळतीनंतरचा पहिला होरा मंगळाचा येतो. म्हणजे शब्बाथची, यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतिदिवसाची, पवित्र रात्र सुरू होते ती नेमकी रक्ताच्या ग्रहाच्या अंमलात. सतराव्या शतकातील पोलंडचे पंडित अब्राहम गोंबिनर यांच्या भाष्यात या तासात शब्बाथचा द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणू नये अशी रूढी नोंदलेली आहे.

हिब्रूत वारांना ग्रहांची नावे नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस असे आकडेच चालतात आणि नाव एकट्या शब्बाथला. तरीही मध्ययुगीन ग्रंथांनी प्रत्येक वारावर एक देवदूत बसवला. रविवारी राफाएल, सोमवारी गब्रीएल, मंगळवारी सामाएल, बुधवारी मीखाएल, गुरुवारी सादकीएल, शुक्रवारी अनाएल, शनिवारी काफ्सीएल ही बरीच रूढ झालेली यादी. ती ग्रंथागणिक बदलते. इटलीतील पीएत्रो द'आबानो याच्या नावावर चालणाऱ्या सप्तवारांच्या मंत्रग्रंथात राफाएल बुधवारी जातो आणि मीखाएल रविवारी येतो. 1701 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेला ‘सेफर राझिएल’ हा या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध हिब्रू ग्रंथ. तो घरात नुसता ठेवला तरी आग लागत नाही अशी लोकसमजूत होती. त्याहून बरेच जुने ‘सेफर हा-राझीम’ मोर्देकाय मार्गालियोत यांनी विखुरलेल्या हस्तलिखितांतून जुळवून 1966 मध्ये प्रसिद्ध केले. त्यात सात स्वर्ग आणि त्यांतल्या देवदूतांची लांबलचक नावे आहेत. मांत्रिक वार आणि होरा पाहून त्या ग्रहाच्या धातूवर देवदूताचे नाव कोरी: रवीला सोने, चंद्राला चांदी, मंगळाला लोखंड, गुरूला कथील, शुक्राला तांबे, शनीला शिसे.

आपल्याकडे याच ग्रहांना धान्य जाते. गहू, तांदूळ, तूर, मूग, हरभरे, पावटे आणि तीळ अशा सात राशी सात वारांच्या ग्रहांसाठी पाटावर मांडतात. राहू-केतूंचे उडीद व कुळीथ त्यांच्या शेजारी. ग्रह इथे स्वतःच देवता आहे. त्याला पुजायचे, शांत करायचे, दान देऊन त्याची दृष्टी सौम्य करायची. यहुदी मांत्रिकाच्या लेखी ग्रह हा देवदूताच्या हाताखालचा आणि देवदूत हा एकमेव ईश्वराचा चाकर. चाकराला धन्याच्या नावाने हुकूम सोडता येतो, त्याची पूजा मात्र करता येत नाही. या विषयातला खरा फरक हा आहे. बाकीची साम्ये कितीही मनोरम असली तरी त्यांचे वजन याच्यापुढे कमी.

ताल्मूदच्या पंडितांत ग्रहांवरून उघड वाद आहे. शब्बाथविषयक प्रकरणात रब्बी हनीना ग्रहाचा प्रभाव मानतात, तर रब्बी योहानान इस्राएलवर ग्रहाची सत्ता चालत नाही असे ठासून सांगतात. मंगळाच्या होऱ्यात जन्मलेला माणूस रक्त सांडणार, असे एक मत तिथे येते. त्यावर रव आशी म्हणतात, तो शिरा उघडणारा वैद्य होईल, चोर होईल, खाटीक होईल किंवा सुंता करणारा होईल. ग्रह रक्त देतो. त्या रक्ताचे काय करायचे ते माणूस ठरवतो. मंगळाच्या भयाने किती मराठी मुलींची लग्ने अडली, हे आठवले की या चार धंद्यांच्या यादीची उदारता कळते. त्याच प्रकरणात रब्बी अकिवा यांच्या मुलीची गोष्ट आहे. लग्नाच्या दिवशी तिला साप चावणार असे ज्योतिष्यांनी सांगितले होते. रात्री तिने केसांतली पिन काढून भिंतीच्या फटीत खोचली; सकाळी ती ओढली तर तिच्यासोबत मेलेला साप निघाला, पिन त्याच्या डोळ्यात शिरलेली. काल काय केलेस, असे वडिलांनी विचारले. लग्नाच्या गडबडीत दारातल्या भिकाऱ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, तेव्हा मी माझ्या ताटातले त्याला दिले, असे ती म्हणाली.

व्यवहारात मात्र पंडितही होरे पाहत. रक्त काढण्यासाठी मंगळवार वर्ज्य होता, कारण त्या दिवशी मंगळ आठव्या, म्हणजे सम तासावर येतो आणि सम संख्या पिशाचांना धार्जिणी. शुक्रवारी तो सहाव्या तासावर येतो, पण लोकांना शुक्रवारचीच सवय पडलेली, म्हणून भोळ्यांचे रक्षण ईश्वर करतो असे म्हणून ताल्मूद पुढे जाते.

पिशाचांचा जन्मही वाराशीच बांधलेला आहे. एका मिद्राशप्रमाणे, म्हणजे धर्मग्रंथावरील कथारूप भाष्याप्रमाणे, सृष्टीच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ईश्वराने त्यांचे आत्मे घडवले. देह घडवायचे तेवढ्यात शब्बाथ लागला आणि काम थांबले. म्हणून ते देहाविना राहिले. मराठी भूतसृष्टीतला मुंजा, समंध, हडळ किंवा खवीस हा मुळात मेलेला माणूस असतो, त्याची वासना उरलेली असते. यहुदी पिशाचे, म्हणजे शेदीम, ही मुळातच वेगळी, अपुरी राहिलेली जात आहे. त्यांना देवदूतांसारखे पंख असतात, ते जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडतात आणि पुढचे ऐकून जाणतात. पण माणसांसारखे खातात-पितात, त्यांना पोरे होतात आणि ते मरतात. त्यांना ओळखायचे तर रात्री पलंगाभोवती चाळलेली राख पसरावी, सकाळी कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतात. बुधवार आणि शब्बाथ यांच्या रात्री एकट्याने बाहेर पडू नये, कारण अग्रत नावाची पिशाचिणी 1,80,000 संहारक दूतांना घेऊन फिरते. हनीना बेन दोसा या सत्पुरुषाने तिला वस्तीतून हाकलायला घेतले तेव्हा तिने थोडी सवलत मागितली, आणि त्याने तिला या दोन रात्री मोकळ्या ठेवल्या.

या पिशाचांचा राजा अश्मदाय. मंदिर बांधताना दगडाला लोखंड लावायचे नव्हते, म्हणून दगड चिरणाऱ्या शामीर या किड्याचा पत्ता शलमोन राजाला हवा होता. त्याचा सेवक बनाया याने अश्मदायच्या विहिरीतले पाणी काढून तिच्यात द्राक्षारस भरला आणि झिंगलेल्या अश्मदायला ईश्वराचे नाव कोरलेल्या साखळीने बांधून आणले. मंदिर पुरे झाल्यावर शलमोनाने त्याला विचारले, तुझे मोठेपण ते कशात? साखळी काढ आणि अंगठी दे, मग दाखवतो, असे तो म्हणाला. राजाने दिली. पुढच्या क्षणी शलमोन कित्येक कोस दूर फेकला गेला आणि सिंहासनावर त्याच्याच रूपात अश्मदाय बसला. राजा दारोदार भीक मागत, मी राजा होतो, असे सांगत हिंडला. अश्मदाय कधी पायांतले मोजे काढत नाही, हे राण्यांकडून कळल्यावर पंडितांची खात्री पटली: आत कोंबड्याचे पाय होते.

तात्याजी महीपतींचे शनिमाहात्म्य शनिवारी ज्यांच्या घरी वाचले जाते त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. तिथे विक्रम राजा शनीची थट्टा करतो, राज्य गमावतो, चोरीच्या आळात हातपाय तोडून घेतो आणि तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो. साडेसात वर्षांनी त्याची सुटका होते ती शनीच्याच कृपेने. शलमोनाला मात्र अश्मदायची कृपा नको असते. ईश्वराचे नाव असलेली अंगठी परत मिळाली की पिशाच स्वतःच पळते.

बाळंतघरातला धोकाही दोन्हीकडे सारखा. ‘बेन सिराची अक्षरमाला’ या मध्ययुगीन ग्रंथात लिलिथ ही आदामाची पहिली बायको. ती त्याला सोडून गेली आणि नवजात बाळांचा जीव घेऊ लागली. सन्वी, सन्सन्वी आणि समंगेलाफ हे तीन देवदूत तिच्या मागे गेले. ज्या ताईतावर आमची नावे दिसतील तिथल्या बाळाला शिवू नकोस, असे वचन त्यांनी तिच्याकडून घेतले. तेव्हापासून बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतींवर ती तीन नावे लागत आली. तासगावकडच्या घरांत श्रावणात भिंतीवर लागणारा जिवतीचा कागद याच कामाचा आहे. वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये लेकरे घेतलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. एका कागदावर जवळजवळ अर्धा आठवडा. शुक्रवारी आई पुरणाचे दिवे करून लेकरांना ओवाळते आणि परगावी असलेल्या लेकरासाठी चारही दिशांना अक्षता टाकते. यातली जरा ही मूळची राक्षसी, जरासंधाचे दोन तुकडे सांधणारी. लिलिथला देवदूतांनी दाराबाहेर रोखले; जरेला आपल्या बायकांनी घरात घेऊन राखणदार केले. मला यात मराठी लोकमनाची मोठी शहाणीव दिसते.

सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात भुताखेतांपासूनचे संरक्षण मुख्यतः मारुतीकडे आहे. सतराव्या शतकात रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर ही ठाणी सातारा जिल्ह्यात, तर बहे-बोरगाव आणि शिराळा सांगलीत येतात. शनीला नमवणारा म्हणून त्याचा वार शनिवार. त्या दिवशी तेल, मीठ, लोखंड विकत आणू नये, नवे काम काढू नये, अशी सावध भीती या वाराभोवती अजून आहे.

नेमका हाच वार कोकणातल्या यहुद्यांनी आनंदाचा म्हणून जपला. नौका फुटून अलिबागजवळच्या नवगावला सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. दिवेकर, किहीमकर, अष्टमकर अशी गावांची नावे घेऊन ते तेलाचे घाणे चालवू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली सोमवार तेली, तर हे शनवार तेली. शनीच्या धाकाने हात आवरणाऱ्या शेजाऱ्यांत त्यांचा घाणा त्याच दिवशी थांबे, पण ईश्वराने विश्रांती घेतली म्हणून. धर्मग्रंथ हाताशी नसलेल्या काळातही ही रीत टिकली. ताल्मूद सांगते की शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेहून घरी येणाऱ्या माणसासोबत दोन देवदूत येतात, एक चांगला आणि एक वाईट. दिवा लावलेला, ताट मांडलेले, बिछाना घातलेला दिसला तर चांगला म्हणतो, पुढचा शब्बाथही असाच जावो, आणि वाइटाला नाइलाजाने ‘आमेन’ म्हणावे लागते.

बेने इस्राएलांच्या भक्तीत सर्वांत जवळचा स्वर्गीय दूत म्हणजे एलियाहू हन्नाबी. अग्निरथातून सदेह स्वर्गात गेलेला हा संदेष्टा पुढच्या यहुदी दंतकथेत देवदूतांच्या पंक्तीला बसतो. प्रत्येक सुंतेला त्याच्यासाठी खुर्ची मांडतात आणि शब्बाथ संपल्यावर, शनिवारी रात्री, त्याची गाणी म्हणतात. नवस फेडताना, लग्नाआधी, मूल झाल्यावर बेने इस्राएल त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलदोडा, सोबत फळे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावरची खूण त्याच्या रथाची मानली जाते आणि तिथे नवस बोलले जातात. मलिद्याच्या ताटाभोवती प्रार्थना हिब्रूत होते, बोलणे मराठीत. इस्राएलला गेलेल्या कुटुंबांनी हे ताट तिकडेही नेले. हैफातील एलियाहूच्या गुहेपाशी आता मलिदा होतो.