वऱ्हाडच्या जडणघडणीत धर्माचा वाटा

मानवी समाजाच्या इतिहासात धर्माने दुहेरी भूमिका बजावलेली आहे. एकीकडे त्याने विखुरलेल्या माणसांना समान श्रद्धेच्या धाग्यात ओवले, तर दुसरीकडे त्याच्याच आधाराने उच्चनीचतेच्या भिंती उभ्या राहिल्या. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेम यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धर्म ही समाजाला एकसंध ठेवणारी शक्ती असल्याचे प्रतिपादन केले. जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी धर्मश्रद्धा आणि आर्थिक व्यवहार यांचा संबंध उलगडून दाखविला. या विचारांची प्रचीती घेण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांचा गेल्या सातशे वर्षांचा इतिहास त्यासाठी पुरेसा बोलका आहे.

लोकभाषेला प्रतिष्ठा

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे तीर्थक्षेत्र. तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू यांचे वास्तव्य येथे होते. श्रीचक्रधरस्वामींनी त्यांना गुरुस्थानी मानले. चक्रधरांनी आपले तत्त्वज्ञान संस्कृतऐवजी मराठीत सांगितले आणि स्त्रियांना व सर्व जातींच्या अनुयायांना संन्यासदीक्षेचा अधिकार दिला. त्यांच्या आठवणी संकलित करून म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेला 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. संस्कृतात ग्रंथरचना झाल्यास सामान्य स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, ही नागदेवाचार्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. 'धवळे' रचणाऱ्या महदंबा मराठीतील आद्य कवयित्री म्हणून ओळखल्या जातात, हे या धोरणाचेच फलित होय. मात्र पुढील काळात पंथीयांनी आपले वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. परिणामी ते कित्येक शतके सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचू शकले नाही.

कीर्तनातून समाजशिक्षण

विसाव्या शतकात वऱ्हाडातील धार्मिक परंपरेला समाजसुधारणेचे वळण देण्याचे श्रेय प्रामुख्याने संत गाडगेबाबांना जाते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव (जि. अमरावती) येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजींचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या मामाच्या गावी गेले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धा, पशुबळी, व्यसने व सणासमारंभासाठी काढले जाणारे कर्ज यांवर प्रहार करायचे, ही त्यांची पद्धत होती. स्वतः निरक्षर असलेल्या या संताने श्रोत्यांना मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. लोकांनी दिलेल्या देणग्यांतून त्यांनी मंदिरे न उभारता घाट, धर्मशाळा, गोरक्षण व विद्यार्थी वसतिगृहे उभारली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी अमरावतीत आहे.

मंदिराचे दार

धर्म जोडतो की तोडतो, हा प्रश्न अमरावतीकरांपुढे १९२७ मध्ये प्रत्यक्ष उभा ठाकला. शहराचे आराध्यदैवत असलेल्या अंबादेवीचे मंदिर त्या वेळी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना बंद होते. प्रवेशासाठी आंदोलन सुरू झाले आणि डॉ. पंजाबराव देशमुख त्यात अग्रभागी राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीत भरलेल्या अस्पृश्यांच्या वऱ्हाड प्रांतिक परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकर यांनी भूषविले. विशेष म्हणजे, पंजाबरावांनी विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावरच डॉक्टरेट संपादन केली होती. धर्मग्रंथांचा हा अभ्यासक पुढे जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याने सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावे १९६९ पासून कार्यरत आहे.

हिंदू धर्मात समतेचे स्थान मिळणार नाही, अशी डॉ. आंबेडकर यांची पुढे खात्री झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. वऱ्हाडातील खेडोपाडीच्या दलित समाजाने हा मार्ग मोठ्या संख्येने अनुसरला. येथे धर्मांतर ही केवळ उपासनापद्धतीतील बदलाची बाब नव्हती. स्वाभिमान, शिक्षण आणि नव्या सामाजिक ओळखीची ती घोषणा होती.

प्रार्थनेतून ग्रामरचना

यावली (जि. अमरावती) येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनाला राष्ट्रकार्याची जोड दिली. मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या चळवळीत त्यांना कारावास भोगावा लागला. जात-पंथाचा भेद न मानता सर्वांनी एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना हे त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे वैशिष्ट्य. १९५५ मध्ये प्रकाशित झालेल्या 'ग्रामगीता'त ग्रामआरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा सन्मान आणि सहकार्य हे विषय धर्माचरणाचाच भाग म्हणून येतात.

आजचा वारसा

हा वारसा आज विविध रूपांत दिसतो. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे जल कावडींतून अकोल्यात आणून राजराजेश्वराला अभिषेक केला जातो. ग्रामस्वच्छतेच्या शासकीय अभियानाला आणि अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले असून २०२४ मध्ये त्याच्या कामकाजास प्रारंभ झाला.

महानुभावांची लोकभाषा, गाडगेबाबांचा खराटा, अंबादेवीच्या दारातील आंदोलन, धम्माचा स्वीकार आणि तुकडोजींची प्रार्थना यांत कर्मकांडाला गौण स्थान होते. धर्माच्या नावाने ज्यांना बाहेर ठेवले गेले, त्यांच्यापर्यंत ज्ञान, पाणी आणि प्रतिष्ठा पोहोचविण्याचा आग्रह त्यांच्या मुळाशी होता. वऱ्हाडात धर्माचा टिकाऊ प्रभाव पडला तो या आग्रहातूनच. सुधारकांची नावे संस्थांना देणे तुलनेने सोपे आहे. त्यांनी उघडलेली दारे उघडी राखण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक पिढीला नव्याने स्वीकारावी लागते.