११. बेळगावचे रेकॉर्ड
मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय. जवानाचा ‘शीट रोल’ इथे असतो: भरतीची तारीख, वारस, घरचा पत्ता, शिवाय शिक्षेच्या, लाल शाईतल्या नोंदी. चुलत्याचे हे कागद पुतण्याने मागितले तर सहसा मिळत नाहीत. भूदल माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कक्षेबाहेर नाही. आडवे येते ते वैयक्तिक माहितीचे कलम ८(१)(ञ). गिरीश देशपांडे खटल्यात (३ ऑक्टोबर २०१२) सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याचे मेमो आणि शिक्षेचे आदेश खासगी ठरवले. तो कर्मचारी मुलकी होता, फौजी नव्हे. या निकालाचा दाखला मात्र लष्करी कार्यालयेही देतात.