दुपारी गोष्ट, रात्री नाटक

परवा शनिवारी आम्ही चौघे मित्र पुण्यात दुपारी कथाकथन आणि रात्री बालगंधर्वला नाटक असं लागोपाठ बघून आलो. मधल्या चहाला एकाने विचारलं, "यातलं जुनं कोणतं रे?"

खरं तर सुरुवातीला दोन्ही एकत्रच होती! १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'त सूत्रधारच पदं गाऊन गोष्ट पुढे न्यायचा. पात्रं आयत्या वेळी संवाद बोलायची. पुढे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदारांनी नुसत्या आवाजावर कथाकथन गाजवलं. मला तिघेही भेटले ते रेकॉर्डिंगमध्येच.

पण रेकॉर्डिंगमधले लोक दर वेळी त्याच जागी हसतात. परवा आमचा एक मित्र उशिरा हसला, आणि सांगणारा चक्क त्याच्यासाठी थांबला. तो मित्र सोमवारी अमेरिकेला चाललाय. असा बेत आता परत कधी जमतोय, बघू...